नाव एकदाच ठरतं

तू आणि तुझ्या मैत्रिणी मिळून मॅस्टोडॉनचा सर्व्हर उभारताय, हे तुझ्या आईकडून कळलं. मनापासून आनंद झाला. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातून पुष्कळ माणसं मॅस्टोडॉनवर आली, त्यांत मीही होतो. वर्षभराने स्वतःचा सर्व्हर सुरू केला. आज तिथे दोनशेच्या आसपास माणसं आहेत. सर्व्हर उभारणं शनिवार-रविवारचं काम. तो राखणं रोजचं. राखता राखता जे शिकलो, ते तुझ्या कानावर घालतो.

१. डोमेन घाईने घेऊ नकोस.
इथलं नाव ईमेलच्या पत्त्यासारखं असतं: आधी माणसाचं, मग सर्व्हरचं. बाकीचे सर्व्हर त्या जोडनावानेच माणसाला ओळखतात आणि तसंच नोंदवून ठेवतात. म्हणून सुरुवातीला भरलेलं डोमेन पुढे बदलता येत नाही. बदललंस, तर इतर सर्व्हरांच्या लेखी तुझी सगळी माणसं अनोळखी होतात. ब्लूस्कायच्या एटी प्रोटोकॉलमध्ये खात्याची ओळख सर्व्हरपासून वेगळी ठेवली आहे. आपल्याकडे ती डोमेनला बांधलेली आहे, हे धरूनच चालायचं. गंमत म्हणून दूरच्या देशाचं शेपूट लावू नकोस. 'क्वियर डॉट एएफ' या सर्व्हरचं नाव फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या तालिबान सरकारच्या खात्याने बंद केलं. जुलै २०२३ मध्ये मालीच्या सरकारने 'डॉट एमएल' आपल्या ताब्यात घेतलं, तेव्हाही लेमी या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा एक सर्व्हर नावाला मुकला. आपल्या देशाचं 'डॉट इन' घे, आणि नूतनीकरणाची तारीख दोघींच्या तरी कॅलेंडरमध्ये लिहून ठेव.

२. रोज सकाळी रांग बघ.
पानं झटपट उघडतात म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नकोस. तुझ्या एखाद्या मैत्रिणीचे वाचक तीनशे सर्व्हरांवर पसरलेले असतील, तर तिच्या एका पोस्टमागे तुझ्या सर्व्हरला तीनशे ठिकाणी सही करून निरोप पोहोचवावे लागतात. ज्या दारावर उत्तर मिळत नाही, तिथे पुन्हा पुन्हा जावं लागतं. ही सगळी कामं साइडकिक या पडद्यामागच्या प्रोग्रॅमच्या रांगेत उभी असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरवरून लोंढा आला, तेव्हा अनेक सर्व्हर दिसायला चालू होते, पण त्यांच्या रांगा इतक्या तुंबल्या की पोस्टी तासन्‌तास उशिरा पोहोचत होत्या. म्हणून रांगेतलं सर्वांत जुनं काम किती वेळ खोळंबलंय, तो आकडा बघायचा. रांग वाढायला लागली, तर बाहेर पाठवण्याचं, आत घेण्याचं आणि ईमेलचं काम वेगवेगळ्या प्रक्रियांना वाटून दे. वेळापत्रकाची रांग मात्र एकाच प्रक्रियेकडे ठेव, नाहीतर तीच कामं दोनदा होतात. साइडकिकचे थ्रेड वाढवण्याआधी पोस्टग्रेस हा डेटाबेस किती जोडण्या झेपवतो ते तपास. तिथे कमी पडलं तर जोडण्या वाटून वापरणारा पीजीबाउन्सर लाव. आणि सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने जुळवून ठेव. प्रत्येक निरोपाच्या सहीत वेळ असते. घड्याळ फार चुकलं की समोरचे सर्व्हर सही नाकारतात.

३. फोटो आणि डेटाबेस एका डिस्कवर ठेवू नकोस.
माणसं दोनशे आहेत, फोटो असून असून किती असणार, असं मलाही वाटायचं. पण ही दोनशे माणसं ज्यांना फॉलो करतात, त्या हजारोंचे फोटो, व्हिडिओ आणि चेहऱ्यांची चित्रंसुद्धा आपल्या डिस्कवर उतरतात. एका दिवाळीच्या रात्री माझी डिस्क गच्च भरली आणि पोस्टग्रेसने लिहायचं थांबवलं. लोकांनी लावलेले कंदिलाचे फोटो गेलेच नाहीत, आणि मी पहाटेपर्यंत जागा साफ करत बसलो. हॅकिडर्म नावाचा सर्व्हर २०२२ च्या त्या लाटेत एका घराच्या तळघरात चालत होता. महिनाभरात माणसं तीस हजारांच्या घरात गेली, डिस्कना भार सोसवेना, आणि चालू सर्व्हरची मीडिया ऑब्जेक्ट स्टोरेजवर हलवण्याची कसरत त्यांना करावी लागली. तू मीडिया पहिल्याच दिवसापासून तिथे ठेव. बाहेरून आलेली मीडिया सात दिवसांनी पुसली जाईल, अशी सोय कर. कुणी जुनी पोस्ट उघडली तर चित्र पुन्हा मागवता येतं. डिस्क सत्तर टक्के भरली की फोनवर सूचना यायला हवी.

४. बॅकअप परत उभा करून बघ.
तीन गोष्टी रोज दुसऱ्या ठिकाणी गेल्या पाहिजेत: डेटाबेस, मांडणीची फाइल आणि आपल्या माणसांनी चढवलेली मीडिया. मांडणीच्या फाइलमध्ये गुप्त किल्ल्या असतात. त्या हरवल्या तर डेटाबेस हातात असूनही पुढे अडचण होते. दर तीन महिन्यांनी कोऱ्या मशीनवर सगळं उभं करून पाहा. तोवर आपल्याकडे बॅकअप आहे असं म्हणू नकोस. आणि प्रत्येक प्रत कुलूपबंद कर. मे २०२३ मध्ये अमेरिकेत 'कोलेक्टिवा' या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरावर एफबीआयचा छापा पडला, आणि तिथे असलेली डेटाबेसची उघडी प्रत त्यांच्या हाती गेली. छाप्याचं कारण सर्व्हरशी निगडित नव्हतं, तरी माणसांची माहिती गेलीच. खासगी म्हणून पाठवलेले निरोपही डेटाबेसमध्ये उघडेच असतात. खातं काढणाऱ्या प्रत्येकीला हे आधीच स्पष्ट सांग.

५. सुरक्षेचा अपडेट आला की हातातलं काम सोड.
जुलै २०२३ मध्ये मॅस्टोडॉनमध्ये मीडिया फाइलवाटे थेट सर्व्हरमध्ये शिरता येईल अशी भेग सापडली. १ फेब्रुवारी २०२४ ला दुसऱ्याच्या नावाने वावरता येईल अशी भेग बुजवणारी आवृत्ती आली, आणि चालकांना अपडेट करायला वेळ मिळावा म्हणून तपशील दोन आठवडे राखून ठेवले गेले. ते दोन आठवडे आपल्यासाठीच होते. नव्या आवृत्तीची घोषणा ईमेलवर येईल असं कर, आधी बॅकअप घे, मग हात घाल.

६. दारावर कुणीतरी असू दे.
फेब्रुवारी २०२४ मध्येच स्पॅमची मोठी लाट आली. कुणी लक्ष देत नाही असे, उघड्या दाराचे लहान लहान सर्व्हर शोधून तिथे खाती काढली गेली आणि तिथून सगळीकडे कचरा पाठवला गेला. अशा वेळी बाकीचे चालक त्या सर्व्हरशी संबंध तोडतात, आणि तिथल्या निरपराध माणसांच्या गाठीभेटी तुटतात. म्हणून नवीन खातं मंजुरीनेच दे. तक्रारी पाहायला तिघी तरी ठेव. एकटीने रोज शिव्या आणि घाण वाचत बसलीस तर सहा महिन्यांत मन विटेल. आपल्याकडच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर ठळक द्यावा लागतो. ते नाव कुणाचं, हे आधीच ठरवा.

७. पुसलं म्हणजे गेलं, असं वचन देऊ नकोस.
इथे पोस्ट पुसणं म्हणजे बाकीच्या सर्व्हरांना 'पुसा' अशी विनंती पाठवणं. जो सर्व्हर तेव्हा बंद असेल किंवा ऐकत नसेल, त्याच्याकडे प्रत उरते. मॅस्टोडॉनचे सर्व्हर आपसात ज्या प्रोटोकॉलने बोलतात, तो २०१८ मध्ये डब्ल्यू३सीने प्रमाण मानलेला अ‍ॅक्टिव्हिटीपब असाच चालतो. सगळ्यांवर हुकूम चालवणारं केंद्र त्यात नाही. तेच त्याचं बळ आहे आणि तीच त्याची मर्यादा. लोकांना दोन्ही सांग.

८. बंद कसं करायचं, ते सुरू करतानाच लिहून ठेव.
मॅस्टोडॉनच्या सर्व्हर-करारातली ही तीन वचनं आजच दे: रोजचा बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हर उघडू शकेल अशी दुसरी व्यक्ती, आणि बंद करायचं झाल्यास तीन महिने आधी सूचना. माणूस दुसऱ्या सर्व्हरवर गेला की त्याचे फॉलोअर सोबत जातात, जुन्या पोस्टी जात नाहीत. आणि हे स्थलांतर जुना सर्व्हर जिवंत असेपर्यंतच होतं. बिल थकलं म्हणून एका रात्रीत बंद पडलेला सर्व्हर माणसांना निघायचीही संधी देत नाही. म्हणून चार महिन्यांचा खर्च कायम बाजूला ठेव.

आधी दहा जणींना घे. तीन महिने चालव, एकदा मुद्दाम सगळं पाडून बॅकअपवरून पुन्हा उभं कर, आणि मगच बाकीच्यांना बोलाव. लोक तुझ्याकडे खातं काढतील तेव्हा त्यांचं नाव, त्यांची माणसं आणि त्यांचं बोलणं तुझ्याकडे ठेव म्हणून ठेवतील. ती ठेव सांभाळायची तयारी असेल तरच दार उघड. आणि डोमेनचे पैसे भरण्याआधी मला एक फोन कर.