करंट वाढवला म्हणजे ताकद वाढत नाही

अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. नेकनूरहून रोज बीडला किंवा अंबाजोगाईला न्यायचं तर गाडी कोण करणार, म्हणून घरी येऊन करंट देणारा माणूस लावला.

गुडघ्याखाली पॅड लावले आणि लोंबणारा पंजा वर उचलला गेला. आई रडलीच. पण थोड्या वेळात पंजा निम्माच उचलला जाऊ लागला, मग नुसती थरथर. मी म्हणालो, "थांबा, पाय दमलाय." तो म्हणाला, "लकव्याचा पाय कसला दमतो?" आणि बटण वाढवलं. पुन्हा बोललो, तर आईसमोर मलाच म्हणाला, "भाऊ, डॉक्टर तुम्ही का मी?" पॅड काढले तेव्हा खाली फोड होता. अण्णांना त्या पायाला काही कळतच नव्हतं, ते ओरडणार कसे?

पुढे अंबाजोगाईच्या फिजिओबाईंनी समजावलं, ते माझ्याच बाजूचं निघालं. आपण पाय उचलतो तेव्हा मेंदू आधी बारीक, चिवट तंतू कामाला लावतो, तेही पाळीपाळीनं. मशीन मात्र त्याच त्या तंतूंना एकदम, पुन्हा पुन्हा जुंपतं, आणि त्यात लवकर दमणारे मोठे तंतूही आले. म्हणून करंटवर चालणारा स्नायू धडधाकट स्नायूपेक्षा लवकर थकतो. 1961 साली अमेरिकेत लिबर्सन यांनी अशाच लोंबत्या पंजासाठी यंत्र केलं, त्यात टाचेखाली बटण होतं: पाऊल उचललं की करंट चालू, टेकलं की बंद. म्हणजे पावलागणिक विसावा. साठ वर्षांहून जुनी गोष्ट ही, आणि आमच्याकडचा बटण पिळत बसला!

तुमच्याकडे कुणी करंट देत असेल तर हे लक्षात ठेवा. सुरुवातीला पाच सेकंद करंट दिला तर दहा-पंधरा सेकंद विश्रांती हवीच. सेकंदाला किती ठोके लावलेत ते विचारा. साधारण 20 ते 40 पुरतात, जास्त लावले की स्नायू लवकर दमतो. ओढ निम्म्यावर आली की त्या दिवसापुरतं बंद करा. करंट चालू असताना माणसालाही पंजा उचलायचा प्रयत्न करू द्या. आधी आणि नंतर कातडी स्वतः बघा. छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन लावूच देऊ नका. दुखणं मेंदूचं नसून नसच तुटलेली असेल, तर करंटही वेगळा लागतो.

शिकलेला फिजिओच बघा. आणि पैसे आगाऊ देऊ नका. आमच्याकडून त्यानं अख्ख्या महिन्याचे घेतले, आता फोन उचलत नाही.