होडी, करिबू

शरणपूर, नाशिक

चि. छकुलीस,


परवा फोनवर तू टांझानियाला न्यायच्या सामानाची यादी मागितलीस. आत्या तिथं अकरा वर्षं राहून आलेली, तेव्हा तिलाच विचारावं, हे बरोबरच केलंस. मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या, क्षारसंजीवनीची पाकिटं, विजेरी, चिखलात चालतील असे बूट, हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलंय. पण ते लिहिताना माझ्या मनात लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय घोळत होता. तुझ्या पाठवणीच्या उपासनेत बहुधा तोच वाचतील. प्रभूनं सत्तर जणांना गावोगाव पाठवलं तेव्हा काय घेऊ नका तेच आधी सांगितलं. पैशाची पिशवी नको, झोळी नको. जे घर दार उघडेल तिथंच मुक्काम करायचा आणि ते लोक जे वाढतील ते खायचं. हा अध्याय मी शब्बाथ शाळेत पाठ केला होता. डोडोमाकडच्या मिशन रुग्णालयात सुईण म्हणून रुजू झाले तेव्हाही तो मला पाठ होता. तरी पहिल्याच महिन्यात मी त्याच्या नेमकं उलट वागले.

झालं असं, की बाळंतपणात अडलेल्या एका बाईला आम्ही रात्रभर झुंजून सोडवलं. आठवड्याने तिची आई सात-आठ किलोमीटर चालत आली. अंगावरच्या खांग्याच्या, म्हणजे तिकडच्या बायका पांघरतात त्या छापील कापडाच्या, टोकाला गाठ मारली होती, ती तिनं माझ्यासमोर सोडली. आत दोन उकडलेली अंडी होती, उराशी धरून आणल्यामुळे अजून कोमट. माझ्या डोळ्यांपुढे तिची उघडी पावलं आणि घरातली पोरं आली. मी हसून म्हटलं, "नको आई, नातवंडांना दे." तिनं गाठ पुन्हा बांधली, मान खाली घातली आणि निघून गेली. मला वाटलं, मी मोठं मन दाखवलं. आमच्याकडची एक स्थानिक परिचारिका, वयानं माझ्याहून लहान, संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टर, तिच्याकडे देण्यासारखं एवढंच होतं. तुम्ही तिला भिकारीण करून परत पाठवलंत." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्या बाईचं गावही मी विचारून घेतलं नव्हतं.

छकुले, तुला हे सगळ्यात आधी सांगते, कारण तू तशीच आहेस. तुझे बाबाही तसेच. आपल्या घरातल्या माणसांना द्यायला आवडतं, घ्यायला जमत नाही. सेवेला निघालेल्या माणसात हा दोष फार खोल दडलेला असतो, कारण तो गुणासारखा दिसतो.

आता कोंडोआची गोष्ट. लहानपणी तुला तुकड्यातुकड्यांनी सांगितली असेल, आज पुरती लिहिते.

जानेवारी 1998. त्या वर्षी एल निनोमुळे पूर्व आफ्रिकेत पावसानं कहर केला होता. डोडोमाहून कोंडोआकडे जाणारा रस्ता तेव्हा कच्चा होता. एरवी कोरडे ठणठणीत असणारे वाळूचे ओढे दोन्ही काठ धरून वाहत होते. आमची बस एका ओढ्याच्या अलीकडे चिखलात रुतली ती रुतलीच. दुपार टळली. पुरुष माणसं ढकलून ढकलून थकली. मी एकटी, परकी आणि चिंब भिजलेली. पिशवीत ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा आणि वाटायला आणलेली सुवार्तेची पत्रकं. रस्त्यापासून थोड्या अंतरावर मातीची घरं होती. तिथून एक वयस्क बाई डोक्यावर पत्र्याचा तुकडा धरून आल्या, त्यांनी माझा हात धरला आणि चालू लागल्या. कुठली, कोण, कशाला आलीस, काही विचारलं नाही.

तो भाग मुसलमानांचा आणि रमजान चालू होता. त्या बाईंना रोजा होता, त्यांच्या दोन्ही मुलींना होता. पण मला गारठलेलं पाहून त्यांनी तीन दगडांच्या चुलीवर दिवसाउजेडी उजी चढवली. उजी म्हणजे आपल्या आंबिलीसारखी पातळ पेज. त्यांच्याकडे ती बाजरीची होती. मी खूण करून सांगत होते की तुमचा उपास आहे, मी थांबते. बाईंनी लक्षच दिलं नाही. तोंडात पहाटेपासून पाण्याचा थेंब नसलेली ती बाई चुलीपाशी उकिडवी बसून वाफेत तोंड घालून ढवळत होती, आणि चव न घेता, नुसत्या वासावरून साखर किती ते ठरवत होती. मग वाडगा माझ्या हातात देऊन ती समोर बसून राहिली, मी संपवेपर्यंत.

सूर्य बुडाल्यावर त्यांनी नमाज पढला, मग सगळ्यांसाठी एकच मोठं ताट आलं. उगाली म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, सोबत म्लेंडा नावाची रानभाजी, भेंडीपेक्षाही बुळबुळीत, आणि उकडलेली रताळी. जेवणाआधी हात धुवायचे. तिकडची रीत अशी की यजमानीण तांब्यानं पाहुण्याच्या हातावर पाणी घालते, खाली परात धरतात. माझ्या आईच्या वयाची बाई माझ्या हातावर पाणी घालणार, हे मला सोसेना. मी तांब्या घ्यायला गेले. त्यांनी तो सोडला नाही. दोघींच्या हातात तांब्या क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, पण असं की मी हात मागे घेतला.

आणि घास उचलणार तोच त्या म्हणाल्या, "तू पाद्रींच्या दवाखान्यातली ना? तुझी प्रार्थना कर, मग जेवू." मी मराठीत प्रार्थना केली, कारण त्या वेळी दुसऱ्या कुठल्या भाषेत माझा आवाज फुटला नसता. शेवटी मी आमेन म्हटलं आणि त्या घरातल्या सगळ्यांनी म्हटलं, "आमिना." स्वाहिलीत ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही हाच शब्द म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

रात्री त्यांची एकुलती एक खाट मला दिली. त्या आणि मुली चटईवर. पहाटे मला जाग आली तेव्हा त्या रोजाआधीचं जेवण, ज्याला तिकडे डाकू म्हणतात, ते उरकत होत्या. तिघींच्या पुढ्यात रात्रीच्या रताळ्याच्या गार फोडी होत्या, मोजून चार-पाच. उगाली संपली होती, कारण रात्री मी दोनदा घेतली होती. मी डोळे मिटून पडून राहिले.

पत्रकं मी तिथं काढली नाहीत. परत आल्यावर आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, साक्ष देण्याची एवढी चांगली संधी का दवडलीस? तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देते: त्या रात्री त्या घरात मी प्रार्थना केली आणि त्यांनी आमिना म्हटलं, ज्या ताटात जेवले त्याच ताटाला शिडी करून वर चढण्याची मला लाज वाटली. सुवार्ता सांगायची वेळ येते, आली की मोकळेपणी सांग, भिऊ नकोस. पण कुणाचा पाहुणचार हा आपल्या कामाचा फासा समजू नकोस. त्यांनी दार उघडलं ते तुझ्यासाठी, तू भिजलेली होतीस म्हणून.

स्वाहिलीत एक शब्द आहे, म्गेनी. पाहुणा म्हणजे म्गेनी आणि परका म्हणजेही म्गेनी. आपल्याकडे पाहुणा आणि परका यांच्यात उंबरा आहे. त्यांच्या शब्दात तो नाही. दारापाशी जाऊन "होडी" म्हणायचं, आपल्या "आहे का कुणी घरात?" सारखं. आतून "करिबू" आलं की जायचं. तीनदा होडी म्हणूनही उत्तर आलं नाही तर मुकाट्यानं परत फिरायचं, डोकावायचं नाही. वडीलधाऱ्यांना "शिकामू" म्हण. त्याचा मूळ अर्थ पाय धरते असा सांगतात, म्हणजे आपलं पाया पडणंच. भाषेची धास्ती घेऊ नकोस. दुकानाला डुका, गाडीला गारी, विम्याला बिमा, आणि चाय-चपाती तर तशीच. आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या व्यापाऱ्यांचे शब्द त्यांनी घरातल्यासारखे ठेवून घेतलेत.

आणि तू शरणपूरची आहेस हे विसरू नकोस. आपल्या या वस्तीचा टांझानियाशी जुना संबंध आहे, मंडळीतल्या तरुणांना तो आता फारसा माहीत नाही. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवत, आणि त्यांतली पुष्कळ इथं चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन 1866 साली आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्याच्यासोबत इथली नऊ मुलं होती. इंग्रजी पुस्तकांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. याकोब वेनराइट हा त्यांच्यामागून, 1872 साली, जाऊन मिळालेला. त्याच तांड्यातला चुमा मुंबईला डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला.

मे 1873 मध्ये, आजच्या झांबियातल्या चितांबो नावाच्या सरदाराच्या गावात लिव्हिंग्स्टन वारला. सोबतची माणसं घाबरली. परक्या मुलुखात आपल्या माणसाचा मृत्यू म्हणजे गावावर अशुभ, दंड बसेल, कदाचित जीवावरही बेतेल, म्हणून त्यांनी आधी मृत्यू लपवला. चितांबोला तो कळलाच. आणि तो संतापला नाही. भिऊ नका म्हणाला, आणि आपल्या लोकांना घेऊन, त्यांच्या रीतीप्रमाणे, मानानं शोक करायला आला. ज्या गोऱ्या माणसाला त्यानं जेमतेम दोन दिवस पाहिलं असेल त्याच्यासाठी! मग या मंडळींनी हृदय तिथंच झाडाखाली पुरलं, वेनराइटनं दफनविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. देह उन्हात वाळवून, कापडात आणि सालीत गुंडाळून, त्यांनी सुमारे दीड हजार किलोमीटर चालत फेब्रुवारी 1874 मध्ये आजच्या टांझानियातल्या बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचवला. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत पेटीला खांदा देणाऱ्यांत आपल्या नाशिकला शिकलेला वेनराइट होता. मी शरणपूर रस्त्यानं जाते तेव्हा त्याच्याइतकाच मला चितांबो आठवतो. त्यानं ते दार बंद केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सगळेच यजमान चितांबोसारखे नसतात, हेही लिहायला हवं. 1869 च्या सुरुवातीला लिव्हिंग्स्टन छातीच्या आजारानं मरणाला टेकला होता. मोहम्मद बोघारिब या अरब व्यापाऱ्यानं त्याला औषधपाणी केलं आणि डोलीत घालून टांगानिका सरोवराकडे नेलं. हा माणूस हस्तिदंताचा आणि गुलामांचाही व्यापार करणारा. लिव्हिंग्स्टननं त्याचं अन्न खाल्लं, उपकार मानले, वहीत लिहून ठेवले. आणि 1871 साली आजच्या काँगोतल्या न्यांग्वेच्या बाजारात त्याच धंद्यातल्या लोकांनी बायाबापड्यांवर गोळ्या झाडलेल्या पाहिल्या तेव्हा तेही लिहिलं. त्या हकिकतीनं इंग्लंड हादरलं. 1873 मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला त्यामागे तो रेटाही होता. तुझ्यावरही अशी वेळ येईल. एखादा जमीनदार, एखादा अधिकारी तुला मोटारीतून सोडेल, जेवू घालेल, आणि त्याच्याच दारच्या मोलकरणीच्या अंगावरचे वळ तुला दवाखान्यात दिसतील. जेवलीस म्हणून गप्प बसू नकोस. बोललीस म्हणून जेवण विसरू नकोस. हे दोन्ही एकदम सांभाळणं मला नेहमी जमलं नाही.

बाकीचं भराभर सांगते. पाण्याची शंका असेल तर चहा माग, उजी माग, उकळलेलं काहीही. कुणाला वाईट वाटत नाही. ताटात पुढ्यातलं थोडं घे आणि सावकाश खा, म्हणजे दुसऱ्यांदा वाढायची पाळी त्यांच्यावर येत नाही; हे मी त्या पहाटेनंतर शिकले. जेवण झाल्या झाल्या पैसे काढू नकोस. महिन्याभरानं साखर, मीठ, चहापत्ती घेऊन पुन्हा त्या दारी जा, आणि गेलीस की बस, गप्पा मार, घाई करू नकोस. परत गेलेला पाहुणा त्यांना सगळ्यात आवडतो.

आणि मंडळीला दर तिमाहीला अहवाल पाठवशील तेव्हा हात आवर. ज्या घरानं तुला झोपायला खाट दिली त्या घराच्या गळक्या छपराचा फोटो काढून 'यांच्यासाठी प्रार्थना करा' म्हणून इकडे पाठवू नकोस. ते छप्पर त्यांनी तुला माणूस म्हणून दाखवलं. मीसुद्धा पहिली दोन वर्षं असले अहवाल लिहिले, वर्गणी चांगली जमायची. आज ते वाचवत नाहीत. कुणी काय रांधलं, कुणी कुठं झोपायला दिलं, किती लांबून चालत आले, ते लिही. आणि छापण्याआधी त्यांना विचार.

कोंडोआच्या त्या बाई आता नाहीत. मी तिकडे होते तोवर दर रमजानात साखर आणि खजूर घेऊन जात असे. शेवटच्या भेटीत त्यांनी मला एक खांगा दिला, लाल-काळा, काठावर त्यांच्या भाषेतली म्हण छापलेला. तो तुझ्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलाय. थंडी वाजली तर पांघर. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता, आता कोंडोआच्या बाजारात सायकली दुरुस्त करतो. बाजारात फुंडी, म्हणजे कारागीर, म्हणून विचारशील तर दाखवतील. डोडोमाहून आता डांबरी रस्ता झालाय, सकाळी निघालीस तर जेवणाच्या वेळेला पोचशील. दारात उभी राहून होडी म्हण. त्याची बायको तांब्या घेऊन येईल. हात पुढे कर आणि तिला पाणी घालू दे.

तुझीच,
आत्या