रेडिओ-नियंत्रित कसरती विमान : निवड आणि जुळणी

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि आपल्या वलगावच्या वसतिगृहात धावपट्टी, एटीआर, पायलट हे शब्द मुलामुलींच्या तोंडी सहज येऊ लागले. पुढे काही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला रेडिओवर चालणारे विमान देण्याचे ठरविले व मला विचारले, “सर, कोणते घ्यावे?” मी इतिहासाचा शिक्षक, उत्तर देण्याइतके ज्ञान मजजवळ नव्हते. आम्ही चित्रे पाहून सर्वांत देखणे, आकाशात गिरक्या घेणारे विमान निवडले. ते जेमतेम पाच सेकंद उडाले. यंदा दुसरी वर्गणी गोळा होत आहे आणि तोच प्रश्न पुन्हा आला आहे, म्हणून त्या पाच सेकंदांनंतर जे शिकलो ते येथे मांडतो.

शिकाऊ विमान आणि कसरती विमान यांचा स्वभावच भिन्न असतो. शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वर बसविलेले, टोकांकडे किंचित उचललेले आणि खालून सपाट असतात. दांड्या सोडून दिल्या तर ते बहुधा आपोआप सरळ होते. कसरती विमानाचे पंख धडाच्या मध्यावर, सरळ रेषेत असतात आणि त्यांचा वरचा व खालचा फुगवटा सारखाच असतो. त्यामुळे ते उलटेही तितक्याच सहजतेने उडते. मात्र ज्या स्थितीत ठेवाल त्याच स्थितीत राहते. चूक झाली तर ते स्वतःहून सावरत नाही.

विमानाच्या इतिहासातही हे दोन मार्ग दिसतात. १८७१ मध्ये आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने रबराच्या पिळावर उडणारे छोटे विमान पॅरिसच्या बागेत उडवून दाखविले. ते आपला तोल आपणच सांभाळी. १९०३ मधील राइट बंधूंचे विमान मात्र चालकाने क्षणोक्षणी सांभाळावे लागे. येथे मुले हमखास शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव काढतात. १८९५ च्या चौपाटीवरील त्या कथित उड्डाणाला विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही, हे मी स्पष्ट सांगतो. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा आधार दिला जातो त्यातील याने उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये काढला. मुले थोडी हिरमुसतात, पण पुरावा मागण्याची सवय विमान जुळवितानाही उपयोगी पडते.

आता निवडीकडे वळू. आधी शाळेच्या संगणकावर सिम्युलेटर, मग फोमचे शिकाऊ विमान, आणि मुले ते सुखरूप उतरवू लागली की कसरती, हा क्रम मोडू नये. कसरती विमानही पहिले ईपीपी फोमचेच असावे. बाल्साचे लाकूड हलके व सुंदर असते, पण पऱ्हाटीत एकदा कोसळले की हातात काड्या उरतात. ईपीपी वाकते आणि चिकटविताही येते. पंखांचा विस्तार सुमारे एक मीटर असावा. त्याहून फार लहान विमान वाऱ्याने भिरभिरते व लवकर दिसेनासे होते. मोटरची ओढ विमानाच्या वजनाहून अधिक, शक्यतो दीडपट हवी. तरच ते सरळ वर चढते. पैसे कमी पडले तर विमान साधे घ्यावे, परंतु ट्रान्समीटर चांगला घ्यावा. विमाने येतील आणि मोडतील. ट्रान्समीटर अनेक वर्षे चालतो.

जुळणीत पहिला मान गुरुत्वमध्याचा. बैलगाडी मागे उलार झाली की बैलांच्या मानेवरचे जू उचलले जाते, विमानाचेही तसेच. शेपूट जड झाली तर ते हाताबाहेर जाते, नाक जड झाले तर सुस्त होते. उत्पादकाने सांगितलेली जागा प्रमाण मानावी. ती नसेल तर पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर तोल साधावा. पंख २० सेंटिमीटर रुंद व आयताकार असेल तर ही जागा ५ ते ६ सेंटिमीटरवर येते. तोल बॅटरी पुढेमागे सरकवून साधावा. शिशाचे वजन चिकटविणे हा शेवटचा उपाय.

यानंतर सर्वो. दांडी मध्यावर असताना सर्वोची भुजा तारेशी काटकोनात हवी, नाहीतर पृष्ठभाग एका बाजूला जास्त व दुसरीला कमी वळतात. कसरती विमानाचे पृष्ठभाग मोठे असतात. ते पूर्ण वळू दिले तर नवशिक्याच्या हातून विमान निसटते. म्हणून ट्रान्समीटरवर दोन मर्यादा ठेवाव्यात आणि पहिली अनेक उड्डाणे लहान मर्यादेवरच करावीत. ३० टक्क्यांच्या आसपास ‘एक्स्पो’ दिला की मध्याजवळ दांडी मऊ होते.

आमचे विमान पडले ते दिशेच्या तपासणीत. मी विमानासमोर उभा राहून दांडी उजवीकडे केली, एलेरॉन हलले, आणि मी समाधानाने मान डोलावली. समोरून पाहिल्यामुळे माझे डावे-उजवे उलटले होते आणि एलेरॉन उलटे जोडलेले मला कळले नाही. विमान डावीकडे कलताच चालविणाऱ्या मुलीने दांडी उजवीकडे नेली. ते आणखी डावीकडे कलले आणि तुराट्यांच्या ढिगात शिरले. ती रडत म्हणाली, “सर, माझं चुकलं.” तिचे काहीच चुकले नव्हते. चूक माझी होती, हे मी दुसऱ्या दिवशी परिपाठात सर्वांसमोर सांगितले.

आता नेहमी विमानाच्या मागे उभे राहूनच तपासणी होते, तीही पंखा काढून. दांडी उजवीकडे नेली की उजवे एलेरॉन वर व डावे खाली. दांडी आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. एक विद्यार्थी दांडी हलवितो, दुसरा पाहून मोठ्याने सांगतो. ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबते की नाही, हेही तेव्हाच पाहतो.

उड्डाण पहाटे, वारा पडलेला असताना, रस्ता व विजेच्या तारांपासून दूर करावे. २०२१ च्या ड्रोन नियमांत मनोरंजन व शिक्षणासाठीची, २५ किलोपर्यंतची प्रतिकृती विमानेही येतात आणि ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात; निघण्यापूर्वी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपले क्षेत्र पाहून घ्यावे. लायपो बॅटरी प्रतिघट ४.२ व्होल्टपेक्षा अधिक भरू नये, ठेवायची असल्यास ३.८ च्या आसपास ठेवावी, आणि वऱ्हाडच्या वैशाखात टिनाच्या खोलीत तर कधीच ठेवू नये.

वर्गणी देणाऱ्यांना एवढीच विनंती आहे : यंदा एकच शिकाऊ विमान पाठवावे, सोबत सहा जादा पंखे व बॅटरीसाठी आगरोधक पिशवी द्यावी. कसरती विमानाचे पैसे तूर्त शाळेकडेच राहू द्यावेत. त्या दिवशी रडलेली मुलगी सध्या रोज संध्याकाळी सिम्युलेटरवर बसते. ते कधी घ्यायचे हे तीच सांगेल.