खर्जाच्या आवाजाचा थोर गायक : फ्योदोर शलियापिन

पाश्चात्त्य देशांत ‘ऑपेरा’ नांवाचा जो नाट्यप्रकार आहे, त्यांत पात्रें बहुधा संवादहि गाऊनच म्हणतात व साथीस मोठा वाद्यवृंद असतो. आवाजावरून पुरुषगायकांचे तीन मुख्य वर्ग मानतात : उंच आवाजाचा ‘टेनर’, मधला ‘बॅरिटोन’ आणि खर्जाचा ‘बास’. नायकाचें काम बहुतेक टेनरकडे जातें; राजा, धर्मगुरु, वृद्ध पिता किंवा सैतान अशीं कामें बासच्या वांट्यास येतात. या मागें राहिलेल्या आवाजास ज्यानें अग्रस्थान मिळवून दिलें, त्या रशियन गायकाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

फ्योदोर शलियापिन याचा जन्म १८७३ सालीं व्होल्गाकांठच्या कझान शहरीं झाला. वडील कारकून होते. परंतु मद्याच्या व्यसनामुळें घरांत दारिद्र्य व मारहाण हीं नित्याचींच. मुलास कांहीं दिवस जोडे शिवणाऱ्याकडे, कांहीं दिवस लाकूड कातणाऱ्याकडे उमेदवारीस ठेविलें. शिक्षण बेताचेंच झालें. गळा मात्र चर्चच्या गायकमंडळांत तयार होऊं लागला. १८९० सालीं तो उफा येथील एका नाटकमंडळींत समूहगायक म्हणून शिरला.

पुढें भटकत भटकत तो तिफ्लिस शहरीं आला. तेथें त्यास उपासमारहि सोसावी लागली. १८९२ सालीं दिमित्री उसातोव्ह या गायनशिक्षकानें त्याचा आवाज ऐकिला व एक कवडीहि न घेतां त्यास शिकविण्याचें पत्करिलें. हा गुरु लाभला नसता, तर तो आवाज कोठें लोपला असता कोण जाणे !

आवाज ही ईश्वराची देणगी खरी; पण शलियापिन तेवढ्यावर विसंबला नाहीं. १८९६ सालीं तो मॉस्को येथें साव्वा मामोंतोव्ह याच्या ऑपेरामंडळींत गेला. तेथें चित्रकारांच्या सहवासांत वेष, रंगभूषा व अंगविक्षेप यांचें मर्म त्याला उमगलें. ‘बोरिस गोदुनोव्ह’ या मुसोर्ग्स्कीकृत ऑपेरांत राजाचें काम करावयाचें ठरतांच, रखमानिनोव्ह या आपल्याच वयाच्या संगीतकाराजवळ बसून त्यानें तें स्वरशः बसविलें. एवढ्यावरच न थांबतां त्या राजाचा काळ समजून घेण्यासाठीं तो क्ल्युचेव्हस्की या नामांकित इतिहासकाराकडे गेला. १८९८ सालीं प्रेक्षकांस जो अपराधी, भयग्रस्त राजा दिसला, त्याच्यामागें एवढा अभ्यास होता.

१९०१ सालीं मिलान येथील ला स्काला नाट्यगृहांत व १९०८ सालीं पॅरिस येथें त्याचा जयजयकार झाला. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर तो आवाज आजहि ऐकावयास मिळतो.

राज्यक्रांतीनंतर, १९१८ सालीं, सरकारनें त्यास ‘जनतेचा कलावंत’ ही पदवी दिली. १९२२ सालीं तो परदेशीं गेला. पॅरिसमधील निर्वासित रशियनांच्या गरजू मुलांस त्यानें द्रव्यसाहाय्य केलें, म्हणून १९२७ सालीं ती पदवी काढून घेण्यांत आली. उपाशी बालपण ज्यानें भोगिलें, त्यास उपाशी मुलांकडे पाठ फिरविणें कसें शक्य होतें ? १९३८ सालीं पॅरिस येथें त्याचें देहावसान झालें. १९८४ सालीं त्याच्या अस्थि मॉस्कोस नेण्यांत आल्या व १९९१ सालीं पदवीहि परत देण्यांत आली.

विद्यार्थिमित्रांनो, देणगी प्रत्येकास सारखी मिळत नाहीं. पण मिळालेली देणगी घांसून उजळणें हें ज्याच्या त्याच्या हातीं आहे. आणि पालकांस आम्ही एवढेंच विनवितों कीं, गुण दिसेल तेथें उसातोव्हसारखा हात पुढें करावा.