आखाड्यातले मन आणि घरातली माणसे



या सदरात आम्ही एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया आणि खोडव्यातील पाचट याविषयी लिहितो. या अंकात विषय निराळा घेतला आहे. गटात फिरताना उसाची चौकशी संपली की बऱ्याच घरांत बोलणे पोरांच्या खेळावर येते. कुणाचा मुलगा तालमीत आहे, कुणाची मुलगी कबड्डीत, कुणाचा पुतण्या नेमबाजीसाठी शहरात राहतो. खुराक, बूट, प्रवास, खोलीभाडे हा सारा खर्च निघतो तो उसाच्या बिलातूनच. तेव्हा हा विषय आमच्या खात्याबाहेरचा आहे असे आम्ही मानत नाही.

तक्रार बहुधा एकच असते. "साहेब, तालमीत चार-चार जणांना ऐकत नाही, आणि मैदानात उतरलं की लाकूड होतंय पोरगं." यावर गावात दोनच उपाय ठरलेले आहेत, खुराक वाढवायचा नाहीतर रागवायचे. मनाची मेहनत कुणी करून घ्यायची, हे वस्तादांनाही कुणी सांगितलेले नसते आणि बापालाही.

लाकूड होते म्हणजे काय होते, ते आधी पाहू. धोका किंवा मोठा प्रसंग समोर आला की शरीर ॲड्रेनालिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. छाती धडधडते, श्वास वरच्या वर चालतो, स्नायू आवळतात आणि लक्ष एकाच ठिकाणी अडकते. थोड्या प्रमाणात हे उपयोगीच आहे, त्याशिवाय अंगात चपळाई येत नाही. प्रमाण वाढले की मात्र आवळलेला खांदा डाव टाकू देत नाही, आणि समोरच्याचा पाय दिसण्याऐवजी कडेला उभे असलेले वडील दिसू लागतात.

यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले. विजेचा हलका झटका देऊन उंदीर योग्य वाट किती लवकर शिकतात, हे त्यांनी पाहिले. काम अवघड असेल तेव्हा झटका अगदी कमी असून भागले नाही आणि फार जोराचा असूनही भागले नाही. मध्यम झटक्याला उंदीर लवकर शिकले. माणसाचा हिशेब उंदराहून गुंतागुंतीचा आहे हे खरे. पण युरियाचे गणित ज्याला ठाऊक आहे त्याला हे पटायला वेळ लागू नये. नत्र कमी पडले तर ऊस वाढत नाही. पण मोठ्या बांधणीनंतरही पोती ओतत राहिलात तर ऊस नुसता हिरवागार दिसतो, वाऱ्याला लोळतो आणि उतारा पडतो. घरातल्या अपेक्षेचेही तसेच आहे.

आता आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफलच्या अंतिम फेरीत पुढे होता. एक गोळी ७.६ वर गेली आणि तो चौथा आला. हात तेच, बंदूक तीच. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात त्याने ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी पदक आणले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अशा खेळात एका चुकलेल्या गोळीनंतर पुढची गोळी कशी मारायची, हीच खरी विद्या असते.

ती शिकवणारी माणसे आपल्याकडे नव्हती असे नाही. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस सेवेत अधिकारी होते. योगाभ्यासाच्या आधारावर त्यांनी खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेण्याचे काम केले, अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाजांना त्यांचे मार्गदर्शन मिळाले. २०१७ साली ते वारले. २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय क्रिकेट संघाबरोबरही पॅडी अप्टन हे गृहस्थ मनाच्या तयारीसाठीच होते.

हे शिकवणे म्हणजे भाषण नव्हे. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, म्हणजे धडधड उतरते. मैदानात शिरण्यापूर्वीचा क्रम रोज तोच ठेवायचा. हात ओले करणे, दोन उड्या, एक श्वास, मनात एक ठरलेला शब्द. निकालाचा विचार आला की लक्ष पुन्हा हातातल्या कामावर, म्हणजे पकडीवर नाहीतर पायावर आणायचे. रात्री डोळे मिटून डाव मनात खेळून पाहायचा, चुकलेला डाव सावरण्यासकट. हे सारे सरावात महिनोन्महिने घोटावे लागते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी शिकून उपयोग नाही. आणि मेहनत कमी असेल तर यातले काहीही कामाला येणार नाही, हेही सांगून ठेवतो.

घराचा भाग मात्र याहून अवघड. आमच्या एका गटातील सभासदाने मुलाला जिल्ह्याच्या गावी समुपदेशकाकडे नेले. बाहेर बाकावर बसून राहायचे असा बापाचा बेत होता. दुसऱ्याच खेपेला समुपदेशकांनी आई-वडिलांना आत बोलावले आणि विचारले, "कुस्तीला जाताना गाडीत तुम्ही याच्याशी काय बोलता?" आबा म्हणाले, "काय बोलणार? हिंमतच देतो की." पोरगा खाली बघत बोलला, "दीड एकराचा ऊस तुझ्या खुराकात जातोय, असं म्हणता."

आबांनी ते वाईट हेतूने म्हटलेले नव्हते, आणि म्हटलेले खोटेही नव्हते. पण पोरगा दर कुस्तीला तो दीड एकर खांद्यावर घेऊन उतरत होता. ठरले ते एवढेच: जेवताना कुस्तीचा विषय नाही, हरल्यावर घरी पोचेपर्यंत चर्चा नाही, आणि खर्चाचा हिशेब पोरासमोर नाही. डावातल्या चुका वस्ताद सांगतील. आबांना पहिला महिना फार जड गेला, म्हणे जेवताना बोलायला दुसरा विषयच सुचेना. चार महिन्यांनी पोरगा एका मोठ्या मैदानात हरला, पण सहा मिनिटे पुरी लढून, गुणांवर. घरी येऊन पोटभर जेवला आणि झोपला, हे त्याच्या आईने आम्हाला मुद्दाम सांगितले.

नेहमीची भीती निराळी आणि आजार निराळा. दोन आठवड्यांहून अधिक झोप उडणे, जेवण तुटणे, मित्र टाळणे, चिडचिड, "माझा काही उपयोग नाही" असे बोलणे, हे आळसाचे लक्षण समजू नये. मरणाचे बोलणे निघाले तर "नाटक करतोय" म्हणू नये. मुलाला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. खेळ काही दिवस थांबला तर आयुष्य थांबत नाही. अमेरिकेची सिमोन बाइल्स २०२१ साली टोकियोत मन ठिकाणावर नाही म्हणून सांघिक अंतिम फेरीतून बाजूला झाली. त्यावर टीका पुष्कळ झाली. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदके घेतली.

जायचे कुठे, हा प्रश्न उरतो. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, गरज पडल्यास औषध देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून आणि सरावातून काम करतात. फोनवर विचारायचे असल्यास सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात जाणार असाल तर केसपेपर काढतानाच मनोविकार विभाग म्हणून सांगावे, आणि जमल्यास आई-वडील दोघांनीही बरोबर जावे.