अंगण आधी, झाडं मग

अगं सुमे, तू पाठवलेलं ते बागेचं चित्र काल रात्री तीनदा उघडून पाहिलं. देखणं आहे, त्यात वादच नाही. हिरवंगार लॉन, कोपऱ्यात पांढऱ्या गोट्यांवरून वाहणारा झरा, फाटकापासून दारापर्यंत नागमोडी वाट, कुंपणाला शिस्तीत उभे पाम. फक्त त्यात दोरी कुठे दिसली नाही मला. कपडे वाळत घालायची दोरी गं! आणि सायकल? पाण्याच्या टाकीचं झाकण? तुझ्या सासूबाईंची सकाळच्या उन्हातली खुर्ची? त्या चित्रात कुणी राहत नाहीये, म्हणून ते इतकं नीटनेटकं दिसतंय.

रागावू नकोस. हे मी शहाणपणानं नाही, पोळल्यामुळे बोलतेय. आम्ही हे घर घेतलं तेव्हा मीही असंच चित्र करून घेतलं होतं. लॉन लावलं. पहिल्या पावसाळ्यात पाहुणे कौतुक करून थकले. मग मे महिना आला, आणि आमच्याकडे पाणी दिवसाआड. तू हिशेब कर ना: कडक उन्हाळ्यात चौरस फुटाला रोज अर्धा लिटर तरी पाणी लागतं. तुझं पुढचं अंगण ३०० चौरस फुटांचं, म्हणजे रोज दीडशे लिटर निव्वळ गवताला. टँकर मागवून गवत जगवताना मला आपल्या आजीची आठवण यायची. तिनं घागर घागर पाणी जपलं आणि नात हिरवळीवर नळी धरून उभी! दोन वर्षांत लॉन गेलं, हरळी राहिली. हरळी आपली आपण जगते, ती कुणी लावलेलीही नव्हती.

आणि ते रबराचं झाड. पानं चकचकीत म्हणून जमिनीतल्या टाकीपासून पाच फुटांवर लावलं. आठ वर्षांत मुळं टाकीच्या भिंतीत शिरली. तोडायचं म्हटलं तर शहरात स्वतःच्या आवारातल्या झाडालाही परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. अर्ज, पाहणी, मग तोड, मग टाकीची दुरुस्ती. वड, पिंपळ, उंबर, रबर ही सगळी एकाच कुळातली मंडळी; त्यांना जमीन मोकळी हवी, तुझा ३० बाय ५० चा प्लॉट नको.

म्हणून माझं पहिलं सांगणं ऐक. काय लावायचं ते आधी ठरवू नकोस. मोकळं काय ठेवायचं ते आधी ठरव.

आपल्या आजोळचं घर डोळ्यांसमोर आण. पुढे सारवलेलं अंगण, मधोमध तुळशीवृंदावन, आणि बाकी सगळं रिकामं. झाडं होती ती कडेला: तगर, जास्वंद, अबोली, पूजेला हाताशी. त्या रिकाम्या अंगणात मिरच्या वाळल्या, पापड वाळले, आपण लगोरी खेळलो, मामाचं लग्न झालं. मागे परस. न्हाणीचं पाणी पाटानं केळीच्या बुंध्याशी, तिथून कर्दळीत. कुणी लँडस्केपवाला आला नव्हता, पण कुठलं पाणी कुठे जाईल, कुणाची पावलं कुठून पडतील हे घरातल्या बायकांना पक्कं माहीत होतं. आपण हल्ली मधोमध सजवतो आणि कडेकडेनं अंग चोरून चालतो.

तेव्हा तुझ्या पुढच्या ३०० फुटांतले निदान दीडशे फूट मोकळे सोड. लॉन नको, चकचकीत टाइल तर अजिबात नको, पावसाळ्यात शेवाळ धरलं की सासूबाईंचं कंबरडं मोडेल. साधी शहाबादी घाल, दोन बाय दोनची, वरून घासून गुळगुळीत न केलेली. खाली मुरूम दाबून घ्यायचा, त्यावर कच, त्यावर फरशी. सिमेंटनं सांधे भरायचे नाहीत. बोटभर फट ठेवली की पावसाचं पाणी तिथल्या तिथे जिरतं, आणि उद्या नळ फुटला तर फरशी उचलून परत ठेवता येते. उतार मात्र घरापासून बाहेर, दहा फुटांना दीड इंच. गवंडी म्हणेल, 'ताई, दिसत नाही पण आहे.' तू बादलीभर पाणी ओतून बघायचं.

नागमोडी वाट काढून टाक बाई. गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस वळणं घेत येत नसतो, तो तुझ्या वाफ्यातून सरळ दाराशी येतो, आणि त्याचं बरोबरच आहे. वाट सरळ ठेव, चार फूट रुंद, म्हणजे दोघी जणी बोलत बोलत बरोबरीनं चालू शकतील.

आता ऊन. तुझं दार पूर्वेला, म्हणजे पुढच्या बाजूला सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारनंतर घराची सावली. फुलझाडांना याहून काय हवं! मागची बाजू पश्चिमेची, तिथे एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघराची भिंत रात्री दहापर्यंत गरम लागेल. तिथे एक झाड हवंच. कुठे, ते नीट ऐक. उन्हाळ्यात सूर्य मावळतो तो थोडा वायव्येकडे सरकून. मेच्या मध्यावर तर दुपारी बरोबर डोक्यावर असतो आणि नंतर उत्तरेकडे कलतो. म्हणून झाड वायव्येच्या कोपऱ्यात. वास्तूवाला दुसरी दिशा सांगेल कदाचित, पण सूर्य काही त्याला विचारून मावळत नाही. ताम्हण लाव. थंडी सरताना पानं गाळतं, तेव्हा ऊन हवंसंच असतं. आणि ऐन उन्हाळ्यात पालवी आणि जांभळी फुलं दोन्ही घेऊन उभं राहतं. आपल्या राज्याचं फूल आहे ते. भिंतीपासून जितकं लांब जमेल तितकं, आणि खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. मोठं झाड एवढं एकच. तुझ्या प्लॉटला दुसरं पेलणार नाही.

मग वासांचं बघ. बाग नुसती डोळ्यांनी मांडतात लोक, मला ते कधी पटलं नाही. तू सकाळी दूध घ्यायला दार उघडतेस, तिथे प्राजक्त हवा, आणि तो मातीवर नाही, फरशीवर झुकलेला. पहाटे सडा पडतो तो मातीत गेला तर मळतो. फरशीवर पडला तर परडी भरते. उन्हाळ्यात प्राजक्त अगदी खराट्यासारखा दिसतो, तेव्हा त्याला नावं ठेवू नकोस. मोगरा ओट्याच्या पायरीशी, भरपूर उन्हात. जानेवारी-फेब्रुवारीत हात आखडता न घेता छाटायचा, तरच मार्चपासून कळ्या धरतात. जुई फाटकावरच्या कमानीला. सोनचाफा घ्यायचाच तर कलमी घे, बियांच्या रोपाची वाट बघत म्हातारी होशील. रातराणी हौसेनं लावशील, लाव, पण झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून दूर. रात्री डोकं धरतं. सापाची भीती घालतील शेजारणी. साप वासाला येत नाही, उंदीर-बेडकांना येतो, म्हणून विटांचे ढीग रचून ठेवू नकोस एवढंच. आणि कण्हेर सध्या नको. फुलं गोड दिसतात, पण झाडाचा प्रत्येक भाग विषारी, आणि तुझी चिमी अजून सगळं तोंडात घालते.

मागे परस कर, सरळ परसच म्हण त्याला. दोरी तिथे, भांडी घासायची मोरी तिथे, केळ आणि कर्दळ मोरीच्या पाण्यावर. साबणाच्या पाण्यावर पालेभाजी मात्र घेऊ नकोस. कडीपत्ता, गवती चहा स्वयंपाकघराच्या दाराशी, फोडणी जळायच्या आत हात पोचेल इतक्या जवळ. कागदी लिंबू उन्हात, पण वाटेपासून लांब, काटे पदर धरतात. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतील, तेव्हा फवारा घेऊन धावू नकोस. फुलपाखरं होतात त्यांची. आपल्या राज्याचं फुलपाखरू, काळं-निळं ब्लू मॉरमॉन, तेसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. चार पानं गेली तर गेली.

झऱ्याचं तुझं मन मोडत नाही. पण मोटर, गाळणी, वीज, शेवाळ, हे सगळं कोण बघणार? त्यापेक्षा दगडी डोणी ठेव, त्यात एक कमळ आणि चार गप्पी मासे. मासे विसरू नकोस; साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडायला तयार होतो.

खर्चाचं विचारलं होतंस. खर्च झाडांवर नाही गं, मातीवर कर. बिल्डरनं तुझ्या अंगणात माती म्हणून जे पसरलंय ना, ते एकदा कुदळीनं उकर. वर चार बोटं लाल माती, खाली राडारोडा, सिमेंटचे गठ्ठे, फरश्यांचे तुकडे. आमच्या पहिल्या वर्षीच्या अर्ध्या झाडांनी त्यातच मान टाकली आणि मी मात्र रोपवाटिकेला दोष देत बसले. वाफ्यांपुरतं फूटभर खोल काढून टाक. २०० चौरस फुटांना फूटभर माती म्हणजे दोन ब्रास. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग शेणखत, आणि शेणखत पूर्ण कुजलेलं. ओलं घेतलंस तर हुमणी विकत घेतलीस असं समज. रोपं नंतर आणू, उरुळी कांचनच्या बाजूला जाऊ दोघी, सोलापूर रस्त्यावर रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. लहान रोपं घ्यायची. मोठं झाड आयतं आणून उभं केलं की रुसून बसतं. लहान रोप दोन पावसाळ्यांत त्याला गाठतं.

पालापाचोळा जाळू नकोस, कुणाला जाळू देऊ नकोस. मागच्या कोपऱ्यात तीन फुटांचा खड्डा, त्यात सगळं.

त्या चित्रवाल्याला सध्या 'कळवते' म्हण. येत्या रविवारी मी येते, टेप आणि फक्कीची पिशवी घेऊन. आधी दोरीची जागा, मग खुर्चीची, मग वाटेची, अशी फक्की मारू जमिनीवर, आणि महिनाभर तुम्ही सगळे तिच्यावरून चाला. जिथे पुसली जाईल तिथे वाट आहे असं समजायचं. पाऊस यायला अजून वेळ आहे. तोवर एकही रोप घरी आणू नकोस. आणि सासूबाईंना विचारून ठेव, त्यांना खुर्ची कुठे हवी ते.