शेरा कुठला, ते आधी विचार

अरे, ठाण्यात बसून घोटीकडे जमीन बघतोयस ना, मग ऐक. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला, तेव्हापासून आमच्या भंडारदरा रस्त्याला दलालांच्या गाड्या वाढल्यात. त्यांचं एक ठरलेलं बोलणं असतं, "थोडं रिस्ट्रिक्शन आहे, होऊन जाईल." तिथंच अडव त्याला. कुठलं रिस्ट्रिक्शन? कोणत्या कायद्याचं, कोणत्या कलमाचं?

महसुलाच्या इंग्रजी कागदात 'रिस्ट्रिक्टेड टेन्युअर' लिहितात, ती आपली भोगवटादार वर्ग 2 ची जमीन. शिकलेली पोरं हा शब्द वाचून एक तर 'विकताच येत नाही' म्हणून पळतात, नाहीतर 'नावाला असतं' म्हणून इसार देऊन बसतात. विकता येते, पण आधी परवानगी घेऊन. ती सोपी की महाकठीण, ते अट कशाची आहे त्यावर.

कुळाला कुळकायद्यानं मिळालेली जमीन असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'कलम 43 ला पात्र' असं दिसेल. 2014 च्या दुरुस्तीनंतर, कुळानं जमीन खरेदी करून 10 वर्षं झाली असली की शेतसाऱ्याच्या आकाराच्या 40 पट रक्कम भरून ती मोकळी करता येते. आकार सातबाऱ्यावरच लिहिलेला असतो, बहुतेक वेळा किरकोळ रुपये. एवढ्यासाठी मालक टाळाटाळ करत असेल तर गोम दुसरीच आहे, असं समज. सरकारनं दिलेली किंवा वतनाची जमीन असेल तर नजराणा भरावा लागतो, तो बराच बसू शकतो.

आणि जमीन महसूल संहितेचं कलम 36 अ. आपल्या इगतपुरी तालुक्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या जमिनी भरपूर. 6 जुलै 1974 पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, आणि विक्रीला त्यांनाही शासनाची मान्यता घ्यावी लागते. खरेदीखतच नव्हे, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा, सगळं त्यात आलं. "99 वर्षांचं लीज करू," "मित्राच्या नावावर घेऊ," असं कोणी सुचवलं तर चहा पिऊन ऊठ. लीज टिकणार नाही, आणि मित्राच्या नावावरची जमीन तुझी होणार नाही. सावकारांनी अंगठे घेऊन डोंगरकडेची शेतं गिळली, म्हणून हा कायदा आला. त्याला अडचण म्हणणाऱ्या माणसाशी मी व्यवहार करत नाही.

वर 'वर्ग 1' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नकोस. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला 36 अ लागतंच, शेरा असो वा नसो. आडनावावरूनही अंदाज बांधू नकोस, आडनावं सगळ्यांत सारखी सापडतात. सरळ विचार आणि दाखला बघ.

मोबाइलवरचा उतारा बघून ठरवायचं नाही. संगणकावर उतरवताना एखादा शेरा गळालेला असू शकतो. इगतपुरीला तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित सातबारे आणि त्यांवर लिहिलेला एकेक फेरफार काढ, कुळकायद्याच्या काळापर्यंत मागे जा. तलाठ्याकडे गाव नमुना 1 क मागून बघ, वर्ग 2 च्या जमिनींची यादी त्यात असते. दारणा, मुकणे, भावली, भाम अशी धरणं आपल्या उशाला आहेत, तेव्हा 'पुनर्वसनासाठी हस्तांतरणास बंदी' असला शेराही धुंडाळ. डोंगराला लागून गट असेल तर वनखात्याची नोंद सोडू नकोस.

शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. घरच्या सातबाऱ्यावर तुझं नाव आहे, त्याचा ताजा उतारा जवळ ठेव.

एवढं सगळं जुळलं तरच साठेखत कर. परवानगी कोण काढणार, नजराणा कोण भरणार आणि परवानगी नाकारली तर इसार किती दिवसांत परत, हे त्यात लिहून घे.